पाऊणपट तिथी आणि व्ह्यू : हेदवीच्या किनाऱ्यावरचं एक शिकाऊ ॲप

चिपळूणच्या कॉलेजात आयटीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने फ्रंट-एंड फ्रेमवर्क (वेबपानाचा दिसणारा भाग रचायचा तयार सांगाडा) शिकायला म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं एक छोटं वेब ॲप केलं आणि त्याचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. फ्रेमवर्क व्ह्यू. वापरणारी माणसं गुहागर तालुक्यातल्या हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यातली, नात्यातली नाहीतर वाडीतली. मी याच धंद्यात आहे. गावच्या घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. या प्रकरणात माझ्याकडे दोन कामं होती, तिचा कोड वाचणं आणि विचारल्याखेरीज तोंड न उघडणं. दुसरं जास्त जड गेलं.

शिकाऊ प्रकल्प म्हटला की टू-डू लिस्ट ठरलेली. व्हिडिओ बघता बघता ती एका दुपारी होते, चालते, आणि शिकायचं ते राहून जातं, कारण तिच्यात चुकायला जागाच नसते. 'दूध आणणे' लिहिलं, खूण केली, संपलं. एका माहितीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि पहिली हलली की बाकीच्यांनी आपोआप हलायला हवं, ते हलवणं हे फ्रेमवर्कचं मुख्य काम. टू-डू लिस्टला त्याची फारशी गरजच पडत नाही. भरतीच्या हिशेबात मात्र सगळा कारभार तोच आहे. शिवाय उत्तर बरोबर की चूक हे समुद्र दिवसातून दोनदा तपासून देतो.

आजोबांचा नियम

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला भरतीची वेळ काढायला तक्ता लागत नाही. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. भाचीला हा हिशेब आजोबांनी शिकवलेला होता, आणि ॲपची पहिली ओळ तिथूनच आली.

नियमामागचं कारण साधं आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या मागे चालते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे पडते आणि लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांगाचं पाणी. धड चढत नाही, धड उतरत नाही.

तिथी काढायला तिने सनकॅल्क नावाची छोटी मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडाचा संच, घेतली. ती दिलेल्या क्षणाची चंद्राची कला ० ते १ या आकड्यात देते. ० म्हणजे अमावास्या, ०.५ म्हणजे पौर्णिमा. हा आकडा ३० ने गुणला की तिथी हातात. पंचांगाच्या तोडीचं गणित नव्हे, पण पाऊणपटीच्या हिशेबाला पुरे. पडताळा म्हणून तिने १९ ऑगस्ट २०२४ ची नारळी पौर्णिमा टेस्टमध्ये, म्हणजे कोडाची चाचणी घेणाऱ्या कोडात, घातली. टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरवी झाली, म्हणजे पास झाली, याचा तिला आनंद आणि मला थोडा संशय.

व्ह्यू निवडण्यामागे फार विचार नव्हता. वर्गात रिॲक्ट या फेसबुकच्या फ्रेमवर्कवाल्यांचा तट मोठा होता आणि नोकरीच्या जाहिरातींतही रिॲक्टच जास्त दिसतो. तिला एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, नीट येत होती आणि व्ह्यूचा साचा तिच्या जवळ जातो, एवढंच कारण. इव्हान यू यांनी २०१४ मध्ये व्ह्यू बाहेर काढलं. तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि दुसरीचा आधार २०२३ च्या अखेरीला थांबला. यूट्यूबवरचे बरेच धडे मात्र अजून दुसरीच्याच काळातले आहेत. त्यामुळे सुरुवातीला तिच्या एकाच फाइलीत जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी नांदत होती. मी अधिकृत मार्गदर्शिका आधी वाचून घे म्हटलं. व्हिडिओ बंद झाल्यावर वेग वाढला.

काकीला भरती नको होती

पहिली आवृत्ती दिसायला छान होती. वर तारीख, खाली तिथी, मोठ्या अक्षरात भरतीच्या दोन वेळा. शेजारच्या काकींच्या फोनवर तिने ती उघडून दिली. काकी थंडीच्या दिवसांत खडपावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळावर, कालवं काढायला जातात. त्यांनी फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गो बाय, भरती सांगून मी काय करू? खडप उघडं कधी पडतं ते सांग."

त्यांचं बरोबर होतं. होडीवाल्याला पाणी हवं असतं, कालवं, शिंपल्या काढणाऱ्या बायकांना ते नको असतं. त्यांचं सगळं काम ओहोटीच्या आगेमागे उरकायचं. दुसऱ्या टोकाला वाडीतले होमस्टेवाले दादा. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात बामणघळ आहे. पाणी चढतं असलं की त्या अरुंद घळीत लाट शिरून उंच उडते. पाहुणे ती बघायलाच येतात आणि नेमके ओहोटीला जाऊन "काही विशेष नाही" म्हणत परततात. दादांना भरतीच हवी होती, आणि तीही आठवडाभर आधी, म्हणजे पाहुण्यांना फोनवर सांगता येईल.

तिने दोघांचं ऐकलं. तारखेशेजारी मागचा-पुढचा दिवस दाखवणारे बाण आले, ओहोटीच्या वेळा आल्या, आणि सगळ्यात वर एक ओळ आली: 'आता पाणी उतरतंय, ओहोटीला अजून दोन तास'. ही ओळ लोकांना सर्वाधिक आवडली, आणि तिनेच आतला सगळा कोड उघडा पाडला.

वॉचची साखळी

व्ह्यूमध्ये बदलणारी माहिती 'रिफ' नावाच्या डबीत ठेवतात. भाचीने प्रत्येक गोष्टीला एक डबी केली होती: निवडलेली तारीख, तिथी, भरतीच्या वेळा, ओहोटीच्या वेळा, उरलेला वेळ. मग एकीवरून दुसरी हलवायला 'वॉच' लावले. वॉच म्हणजे एखाद्या डबीवर बसवलेला पहारेकरी. आतली किंमत बदलली की तो दिलेलं काम करतो. तारीख बदलली की तिथी काढ. तिथी बदलली की भरती काढ. भरती बदलली की ओहोटी काढ. ओहोटी बदलली की उरलेला वेळ काढ.

नवशिक्याला हे सरळ वाटतं, कारण आपण तोंडाने हिशेब असाच सांगतो: आधी हे, मग ते. पण कुरबुरी लगेच सुरू झाल्या. पान पहिल्यांदा उघडलं की काहीच दिसेना, कारण वॉच बदल झाल्यावरच जागा होतो आणि सुरुवातीला बदल झालेलाच नसतो. तिने पान चढताना चारही कामं हाताने एकदा करून घेतली. मग मिनिटागणिक 'आत्ता' बदलतो म्हणून आणखी एक वॉच. साखळी लांबत गेली. मला दिसत होतं, मी गप्प होतो.

खरा घोळ एका वृद्धी तिथीला झाला. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढायला लागणारा वेळ. तो सरासरी २३ तास ३७ मिनिटं, पण चंद्राचा वेग सारखा नसल्याने कधी १९-२० तास तर कधी २६ तासांपर्यंत. म्हणून तिथी आणि वार यांची जुळणी कधीच पक्की नसते. २०२४ ची दिवाळी आठवा: अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली, आणि लक्ष्मीपूजन कधी यावर घराघरांत वाद झाले. भाचीचं ॲप सूर्योदयाची तिथी धरायचं, आणि लागोपाठ दोन सूर्योदयांना एकच तिथी असेल तर ती वृद्धी.

त्या दिवशी पुढच्या दिवसाचा बाण दाबला की तारीख बदलायची, खालच्या वेळा तशाच राहायच्या, आणि वरची ओळ सांगायची: 'ओहोटीला अजून उणे १९ तास'.

कारण आत शिरून पाहिलं की कळतं. तारीख बदलली, पहिला पहारेकरी उठला, त्याने तिथी काढली. तिथी कालचीच, सप्तमी ती सप्तमी. व्ह्यूच्या हिशेबी किंमत बदललीच नाही, म्हणून तिथीवरचा पहारेकरी झोपूनच राहिला. पुढची सगळी साखळी थिजली. वेळांच्या डबीत कालच्या तारखेच्या वेळा, आणि 'आत्ता' मात्र आजचा. महिन्यातले बहुतेक दिवस हे दिसत नाही, कारण तिथी रोज बदलते. टू-डू लिस्टमध्ये ही चूक वर्षभर झाकून राहिली असती.

तिने आधी ठिगळ लावलं: तारखेच्या वॉचमध्येच सगळी कामं कोंबली. तेव्हा मी तोंड उघडलं. विचारलं, "यातली कुठली गोष्ट तू ठरवतेस आणि कुठली आपोआप ठरते?" तिने वहीत लिहून काढलं. माणूस ठरवतो ती फक्त तारीख. घड्याळ ठरवतं 'आत्ता'. बाकी सगळं या दोघांतून निघतं. मग निघणाऱ्या गोष्टींना डबी कशाला?

व्ह्यूमध्ये त्यासाठी 'कम्प्युटेड' आहे. ही डबी नाही, सूत्र आहे. तिथी म्हणजे तारखेवरून अशी काढायची. भरती म्हणजे तिथीवरून अशी. सूत्रात कुठल्या माहितीचा हात लागला हे व्ह्यू स्वतः टिपून ठेवतं. ती हलली की सूत्र जुनं झालं असं धरतं आणि पुढच्या वेळी मागितल्यावर नव्याने काढतं. न हललेली किंमत जपून ठेवतं, पुन्हा कष्ट करत नाही. भाचीने भरतीच्या सूत्रात तिथीबरोबर तारीखही घेतली, आणि वृद्धीची अडचण संपली. डब्या दोनच राहिल्या, तारीख आणि 'आत्ता'. वॉच एकही उरला नाही. कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, संदेशात तिने लिहिलं होतं: 'पहारेकरी घरी पाठवले'.

मी नोकरीत मोठमोठ्या कंपन्यांचा कोड वाचतो. तिथेही अर्ध्याअधिक दुखण्यांचं मूळ हेच असतं, काढता येणारी गोष्ट साठवून ठेवलेली असते. पगारदार लोक ते जपतात, कारण हात लावायची भीती वाटते. शिकणाऱ्याला ती भीती नसते, हा त्याचा मोठा फायदा.

पौर्णिमेनंतरची उडी

कोड सरळ झाला तसा त्याच्या खालचा नियम दिसायला लागला. वृद्धीच्या दोन्ही दिवशी ॲप आता इमानेइतबारे एकच वेळ दाखवत होतं. काकी म्हणाल्या, "पाणी असं थांबून ऱ्हातं व्हय कधी?"

त्याच सुमारास तिने महिन्याचा आलेख काढायला घेतला होता. वेगळी लायब्ररी न घेता व्ह्यूच्या साच्यातच एसव्हीजीची, म्हणजे ब्राउझर स्वतः आखतो तशी, रेघ. रेघेचे बिंदू म्हणजे आणखी एक कम्प्युटेड. आडवे दिवस, उभी भरतीची वेळ. रेघ पायऱ्या चढत गेली, एकेक पायरी ४५ मिनिटांची. आणि पौर्णिमेनंतर एकदम दुप्पट उंचीची पायरी, दीड तासाची. अमावास्येनंतर पुन्हा तशीच.

तिने कोडात शोधाशोध केली. यादीतल्या ओळींच्या ओळखखुणा तपासल्या, तारखांची बेरीज तपासली. कोड निर्दोष होता. पौर्णिमा पंधरावी, १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पुन्हा १, म्हणजे पाऊण. घड्याळात पाऊण वाजता. सव्वाअकरा ते पाऊण, दीड तास. उडी नियमातच होती.

मग कागदावर हिशेब केला. पृथ्वी सूर्यासमोर तासाला १५ अंश फिरते. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो. म्हणजे एका तिथीमागे भरतीला १२ भागिले १५ तास उशीर, चार पंचमांश, ४८ मिनिटं. पंधरा वेळा ४८ म्हणजे बरोबर १२ तास. पौर्णिमेनंतर रेघ आपोआप जुळते, उडी उरत नाही. घड्याळात रोजचा फरक ५० मिनिटांचा दिसतो, कारण एका भरतीपासून दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत एका तिथीहून थोडं जास्त सरकून होतं.

आता जुन्या लोकांनी पाऊण का धरलं असेल? माझा अंदाज असा की पाऊणकी सगळ्यांना पाठ असायची आणि चार पंचमांशाची उजळणी कुणी घोकत नव्हतं. तिथीला तीन मिनिटांची तूट, आणि अष्टमीच्या मध्यावर, म्हणजे साडेसात तिथ्या सरल्यावर, ४८ मिनिटांचा हिशेबही सहावरच येतो. होडीच्या तोंडी हिशेबाला याहून जास्त लागत नाही. आजोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "तुझं तंतोतंत असेल, पण होडीत बसून करून दाखव."

भाचीने पूर्ण तिथी सोडली आणि कलेचा ० ते १ हा आकडाच २४ तासांनी गुणला. पाव कला, सहा वाजता. अर्धी कला, बारा वाजता. सूत्र एका ओळीचं झालं, वृद्धी-क्षय यांची कटकट गेली. तिथी पडद्यावर राहिली, पण फक्त माणसांनी वाचायला.

यानंतर तिला मिनिटापर्यंत वेळ दाखवायचा मोह झाला. तिथे मात्र मी अडवलं. उधाण आणि भांग यांच्या मधल्या दिवसांत सूर्याच्या ओढीने भरती या हिशेबाच्या पुढेमागे होते. वारा, पाऊस, खाडीचं तोंड यांनी आणखी. ९:३७ असं छापलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, आणि बामणघळीच्या कातळावर उभ्या पाहुण्याने असा विश्वास ठेवू नये. आता वेळ पाव तासाला बांधून दाखवली जाते, 'साडेनऊच्या सुमारास'. खाली ठळक ओळ आहे की हा ढोबळ हिशेब आहे, नौकानयनासाठी वापरू नये. ती ओळ झाकता येत नाही.

जागेचा फरकही आला. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला पाणी मुंबईच्या आधी भरतं. आकडे कुठून आणायचे हा प्रश्न होता. तिने 'माझ्या गावचा फरक' अशी एक सरकपट्टी दिली. दोन-चार दिवस स्वतः पाणी बघायचं आणि पट्टी मागेपुढे करायची. तो फरक फोनच्या ब्राउझरमध्येच साठतो. डब्या दोनाच्या तीन झाल्या, कारण ही तिसरी गोष्टही माणूसच ठरवतो. बाकी कोडाला हात लावावा लागला नाही. कम्प्युटेडचं मोल तिला त्या संध्याकाळी कळलं असं मला वाटतं.

पहाटे चारची तारीख

एक तक्रार मात्र विचित्र होती. होडीवाले म्हणायचे ॲप आदल्या दिवसाचं दाखवतं. भाची बघायची तेव्हा बरोबर असायचं. मी बघायचो तेव्हाही.

होडीवाले पहाटे चारला बघत होते. आजची तारीख काढायला तिने जावास्क्रिप्टची एक सोपी क्लृप्ती वापरली होती: आत्ताची वेळ आयएसओ ठेवणीच्या (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) मजकुरात बदलायची आणि पहिली दहा अक्षरं कापून घ्यायची. हजारो ठिकाणी हीच सापडते. तो मजकूर जागतिक वेळेत असतो आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे अजून काल असतो. कोड लिहिणारी माणसं त्या वेळी झोपलेली असतात, म्हणून चूक टिकून राहते. दिवस, महिना, वर्ष स्थानिक वेळेतून वेगवेगळे काढून जोडले, महिना शून्यापासून मोजला जातो हे ध्यानात ठेवून, आणि प्रश्न मिटला. टेस्टमध्ये आता पहाटे चारची वेळ कायमची आहे.

दुरुस्ती गिटहबवर चढली तरी काकींच्या फोनवर जुनंच दिसत राहिलं. किनाऱ्यावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून ॲप विनानेट चालावं अशी सोय तिने सर्व्हिस वर्करने, म्हणजे पान फोनमध्ये साठवून ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या प्रोग्रॅमने, केली होती. हिशेब सगळा फोनमध्येच होतो, सर्व्हर नाहीच, तेव्हा हे सहज जमलं. पण नवा सर्व्हिस वर्कर उतरला तरी जुन्याचं पान उघडं असेतोवर तो रांगेत थांबतो, आणि काकी ब्राउझर कधी बंदच करत नाहीत. आता नवी आवृत्ती आली की खाली पट्टी येते, 'नवीन हिशेब आलाय, इथे दाबा'. काकी दाबतात.

पान चढवताना एकदा कोरं पांढरं आलं होतं, ते व्हीटमध्ये (कोड बांधून पान तयार करणाऱ्या अवजारात) मूळ पत्ता न दिल्यामुळे. गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्याच पान चढवायच्या सोयीवर, पहिल्यांदा काही चढवणाऱ्या बऱ्याच जणांना हे होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

उघडा कोड, पण कुणाचे आकडे?

कोड सार्वजनिक ठेवला म्हणजे मुक्त झाला असा तिचा समज होता. परवान्याची फाइल नसेल तर तो फक्त बघण्यापुरता उघडा; वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही. तिने एमआयटी हा कोड कुणालाही वापरू देणारा मोकळा परवाना लावला. व्ह्यूचाही तोच आहे. रिॲक्टचाही २०१७ पासून तोच. आधीच्या परवान्यातल्या पेटंटच्या कलमावरून इतका गदारोळ झाला की फेसबुकला तो बदलावा लागला. सनकॅल्कचा परवाना बीएसडी या तशाच मोकळ्या घराण्यातला, त्यात मूळ लेखकाची सूचना सोबत ठेवावी लागते. ती तिने ठेवली.

मग एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल तुमच्या कोडात घ्या' अशी विनंती, आली. अनोळखी माणूस, काम नेटकं. त्याने छापील भरती-तक्त्यांतले एका बंदराचे वर्षभराचे आकडे टंकून फाइल जोडली होती. हेतू चांगला, आकडे आमच्या हिशेबापेक्षा नक्कीच अचूक. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दरवर्षी काढतो. भाची खूश होऊन जोडायलाच निघाली होती. पण आपल्या कोडावर आपण परवाना लावू शकतो, दुसऱ्याच्या तक्त्यावर नाही. एमआयटीची फाइल शेजारी ठेवल्याने ते आकडे मुक्त होत नाहीत. शिवाय ३१ डिसेंबरला ॲप रिकामं पडलं असतं. तिने आभार मानून नकार लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. तो मजकूर तिने तीन वेळा बदलला. एवढा वेळ तिने कुठल्या कंपोनंटवर (पानाच्या तुकड्यावर) घालवला नसेल. माणूस समजूतदार निघाला आणि त्याने मोठ्या अक्षरांच्या पर्यायाची दुसरी पुल रिक्वेस्ट पाठवली, ती घेतली.

वाडीतली माणसं अर्थात गिटहबवर इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडत नाहीत. ती व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, मागे कोंबडा आणि मिक्सर. भाची ते ऐकून इश्यू लिहिते, बोलणाऱ्याचं नाव न घालता, आणि झालं की त्यांना तसं कळवते. मला ही पद्धत आवडते. कोड कुणी वाचो न वाचो, का बदलला याची नोंद राहते. मुलाखतीत तिला व्ह्यूबद्दल जे विचारतील त्यातलं बरंचसं त्या बंद झालेल्या इश्यूंत आहे.

होमस्टेवाल्या दादांनी महिन्याचा तक्ता कागदावर मागितला, भिंतीला लावायला. छपाईसाठी वेगळी सीएसएस (पानाची मांडणी सांगणारा कोड) लिहावी लागली, फ्रेमवर्कचा त्यात काही संबंध नव्हता. तक्त्याच्या तळाशी ढोबळ हिशेबाची ओळ तशीच ठेवायची या अटीवर दिला.

सध्या कोडाची एक फांदी, म्हणजे प्रयोगासाठी वेगळी ठेवलेली प्रत, अर्धवट आहे. पाणी किती चढेल हेही सांगायचं भाचीच्या डोक्यात आहे. त्यासाठी चंद्राचा १२.४२ तासांचा, सूर्याचा १२ तासांचा आणि दिवसातून एकदा येणारे असे घटक वेगवेगळे धरून बेरीज करावी लागते. गणित अवघड नाही, प्रत्येक घटक म्हणजे एक कोसाइनची लाट. पण प्रत्येक बंदरासाठी या लाटांची उंची आणि कला (लाट किती पुढेमागे आहे ते) मोजलेली हवी, आणि इथे पुन्हा आकडे कुणाचे हाच प्रश्न येतो. एक्सटाइड हा जुना मुक्त प्रोग्रॅम याच पद्धतीने चालतो; ती त्याचा कोड वाचते आहे. तो जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे त्यातून घेतलेला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, म्हणून त्यातला एकही तुकडा उचलून एमआयटीच्या कोडात चिकटवायचा नाही, वाचून समजून स्वतः लिहायचं, एवढं मी सांगून ठेवलंय. जेटीच्या खांबाला खुणा करून आपणच महिनाभर मोजू या, असं तिचं म्हणणं आहे. खांब कुणाच्या ताब्यात आहे याची चौकशी चालू आहे.